पाच किलो कमी

चार महिने फुलक्यांवर आणि दुधी भोपळ्यावर काढूनही वजनाचा काटा चौऱ्याऐंशीवरून ढळेना, तेव्हा प्रेमाने त्याचा नाद सोडला आणि आकडा स्वतःच लिहायला घेतला.

वजन उतरवण्याचा हा ब्लॉग तिला मुलीने, तेजलने, काढून दिला होता. "रोज लिही ना आई. चारचौघांत लिहायचं म्हटलं की आपोआप कमी खाशील." तेजलचं मुलुंडच्या सुयोगशी ठरत आलं होतं आणि लग्नाच्या फोटोंची तिला आतापासून काळजी होती. सल्ला देऊन ती मोकळी झाली. ब्लॉग तिने पुन्हा उघडूनही पाहिला नाही.

प्रेमा बिचारी आधी खरंच लिहायची. भांडुपच्या घरातला स्वयंपाक, उरलेला भात टाकवत नाही म्हणून आपणच कसा खातो, सगळं. खरं वाचायला कोणाला सवड नव्हती. मग एका सोमवारी तिने 'दोन किलो उतरले' असं ठोकून दिलं आणि संध्याकाळपर्यंत अभिनंदनांचा पाऊस पडला. जिच्या आमटीला पंचवीस वर्षांत कोणी बरं म्हटलं नव्हतं, तिला हे सोडवेना. महिन्याभरात ब्लॉगवर पाच किलो उतरले. घरात एक ग्रॅमही नाही.

हे सगळं इमानेइतबारे वाचत होत्या विलेपार्ल्याच्या माणिकताई, तिच्या थोरल्या नणंदबाई. माणूस सुटला की सुखात आहे आणि उतरला की त्याला काहीतरी झालंय, असं त्यांचं साधं वैद्यकशास्त्र होतं. रविवारी त्या शहाळी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"प्रेमा, खरं सांग गं. डॉक्टर काय म्हणाले?"

"कशाचं? मी बरी आहे हो, ताई."

माणिकताईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. पाच किलो उतरलेली बाई होती तेवढीच दिसत होती. त्यांचे डोळे भरून आले.

"अगं बाई, ही तर सूज!"

प्रेमाने तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण नणंदेपुढे खोटारडी ठरण्यापेक्षा तिला सूज परवडली. "असेल थोडी," ती पुटपुटली.

झालं. दिवेलागणीच्या आत बातमी कणकवलीला पोचली. दुसऱ्या दिवशी गावाहून देवाचा अंगारा निघाला, शेजारणी सफरचंदं घेऊन येऊ लागल्या. चौथ्या दिवशी सुयोगच्या आईचा, रश्मीताईंचा, प्रेमाच्या नवऱ्याला फोन आला.

"घरात एवढं आजारपण, आणि आम्हाला बाहेरून कळतं? पितृपक्ष संपला की येतो. बैठकीचं मग बघू."

नंदूने फोन ठेवला आणि बायकोला निरोप सांगितला. तेजलने त्या दिवशी ब्लॉग पहिल्यांदा नीट वाचला.

"आई, लाइक्ससाठी? लाइक्ससाठी तू माझ्या लग्नाची वाट लावलीस?"

आपल्या खोट्यापायी पोरीचं लग्न मोडणार, या विचाराने प्रेमाला रडू यायचं आणि रडून झालं की पुन्हा तोच विचार यायचा. तो सगळा पंधरवडा तिच्या घशाखाली घास उतरला नाही. उरलेला भात पहिल्यांदाच कचऱ्यात जाऊ लागला.

पितृपक्ष संपला. रश्मीताई सुयोगला घेऊन आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. शिऱ्याच्या बशा समोर यायच्या आत प्रेमाने हात जोडले.

"मला काही झालेलं नाही. मी ब्लॉगवर खोटं लिहिलं. चौऱ्याऐंशी किलोची होते, तेवढीच आहे."

"वजनाबद्दल कोणी असं खोटं लिहितं का?" रश्मीताईंनी विचारलं.

"सगळेच लिहितात, मम्मी," सुयोग म्हणाला.

"तेजल, वजनकाटा आण गं," प्रेमा म्हणाली. "यांच्यासमोरच बघू."

काटा आला. उभ्या आयुष्यात प्रेमा त्यावर एवढ्या विश्वासाने कधी चढली नव्हती. सगळे वाकून बघू लागले. आकडा जरा इकडे-तिकडे नाचला आणि एकोणऐंशीवर थांबला. ब्लॉगवर होता तोच.

रश्मीताई उठल्या आणि त्यांनी प्रेमाचा हात हातात घेतला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"लपवू नका हो. माझी आईसुद्धा शेवटपर्यंत 'मला काही नाही, मला काही नाही' म्हणायची."

"अहो, पण खरंच..."

"आम्ही दिलेला शब्द मोडणारी माणसं नाही. पण आता मे महिन्याची वाट बघायला नको. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धरू. तुमच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे."

नंदूने प्रेमाकडे पाहिलं, तेजलने पाहिलं. प्रेमाने उघडलेलं तोंड मिटलं.

पाहुणे गेले. तेजल आईच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही कळत नव्हतं. प्रेमाला पंधरा दिवसांनी कडकडून भूक लागली. तिने शिऱ्याची बशी ओढली, तशी नंदूने ती काढून घेतली.

"वेडी आहेस का? लग्नापर्यंत तुझं वजन अजिबात वाढता कामा नये."

"आणि लग्नानंतर?"

एवढ्या पुढचा विचार नंदूने केलेला नव्हता. त्याने उभ्याउभ्याच शिऱ्याचा एक घास खाल्ला.

"लग्नानंतरही लगेच बरी होऊ नकोस," तो म्हणाला. "वाईट दिसेल."