बिडव्यांच्या घरावरचा सोमवार

कासारखेड्यात छपरावरच्या पॅनेलांनी रोज किती वीज द्यायची याचा अंदाज कागदावर लिहिलेला असतो, आणि तेवढी वीज निघेपर्यंत त्या घरावरचा सूर्य मावळत नाही. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण अंदाज नेमका असतो. छपराची दिशा, उतार, शेजारच्या झाडाची सावली, वर्षभराचं ऊन, धूळ, सगळं बघून वीज कार्यालयातली हेमांगी टेकाळे तो लिहीत असे. अकरा वर्षांत तिचं एकही घर पाच मिनिटंसुद्धा उजेडात अडकलं नव्हतं.

सोमवारी नागोराव बिडवे या शिंप्याच्या घराचा अंदाज लिहिताना तिच्याकडून टिंब राहिलं. आठ पूर्णांक आठ युनिटांचे अठ्ठ्याऐंशी झाले.

गुरुवारी सकाळी नागोराव कार्यालयात आला. डोळे लाल, ओठ फुटलेले.

"मॅडम, आमच्याकडे अजून सोमवारची संध्याकाळच चालू आहे. आई तीन दिवस झोपली नाही. डोळे मिटले तरी ऊन आत येतं म्हणते."

"पडदे लावलेत?"

"पडदे, घोंगड्या, सगळं लावलं. ते ऊन कापडाला जुमानत नाही."

हेमांगी रजिस्टर घेऊन धावली. गल्लीत सकाळ होती. बिडव्यांचा उंबरठा ओलांडला आणि मावळतीचं पिवळं ऊन थेट तिच्या डोळ्यांत घुसलं. खाटेवर सगुणाबाई, नागोरावची आई, उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडली होती. तिच्यात पापण्या हलवायचंही त्राण नव्हतं.

हेमांगीने मीटर पाहिला. तिरप्या उन्हात पॅनेलं तासाला जेमतेम पाव युनिट देत होती.

"अजून साडेदहा दिवस लागतील," ती म्हणाली.

"मग टिंब द्या की," नागोरावची बायको पारूबाई म्हणाली.

"देते. पण दुरुस्ती केली की जादा घेतलेलं ऊन परत करावं लागतं. दोन दिवस घरात उजेड येणार नाही. दिवा लागत नाही, काडी पेटत नाही. बाहेरही पडता येत नाही."

"तेलंग्यांकडे झालं होतं तसं?"

"ते माझ्या आधीचं. त्यांचा अर्धाच दिवस होता."

तेलंगे त्याविषयी कधी बोलले नव्हते. त्यानंतर त्यांनी घरातले सगळे आरसे काढून टाकले, एवढंच गावाला ठाऊक होतं.

नागोरावने आईकडे पाहिलं. "लिहा," तो म्हणाला.

परतफेड होईपर्यंत अंदाज लिहिणाऱ्याने आत थांबायचं, असा नियम होता. हेमांगीने तो वाचला होता, पाळायची वेळ कधी आली नव्हती. तिने टिंब दिलं.

अंधार रात्रीसारखा नव्हता. आधी हात दिसेनासा झाला. मग आपला हात कुठे संपतो हेच कळेना. सगळ्यांनी ठरवलं, अधूनमधून नावं घ्यायची. "नागोराव?" "हो." "पारू?" "हो." पुढे पुढे दोन नावांना एकच आवाज ओ देऊ लागला. हेमांगीने कुणाचा तरी हात घट्ट धरला, की कुणी तिचा धरला होता, हे सांगणं कठीण होतं.

"मी हेमांगी," ती मोठ्याने म्हणाली.

"हो, मी इथेच आहे," खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून तिच्याच आवाजात उत्तर आलं.

शनिवारी सकाळी उजेड आला. सगुणाबाई घोरत होती. पारूबाईने रजिस्टर उचललं, मीटरचा आकडा उतरवला आणि खाली वळणदार सही केली: हेमांगी टेकाळे. दारातल्या काळ्या चपला पायांत अडकवल्या.

"निघते. कार्यालयात वाट बघत असतील."

"नीट जा, मॅडम," नागोराव म्हणाला. मग तो हेमांगीकडे वळला. "आई उठेल आता. चहा ठेव."

हेमांगीला काहीतरी ओरडून सांगायचं होतं. पण काय सांगायचं होतं ते आठवेना. तिने स्टोव्ह पेटवला, फळीवरचा तिसरा डबा काढला आणि साखर घातली. सगुणाबाईला दीड चमचा लागते.