जर्सीचा सातबारा

शेलारकाका कुणालाही भेटले की नाव नंतर विचारतात, आधी ‘मूळ गाव?’ समोर पोस्टवाली असो नाहीतर दातांचा डॉक्टर, “ओरिजिनल व्हिलेज, विच?” सुटकाच नाही.

काका जन्मभर तलाठी. रिटायर झाल्यावर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला मुलाकडे आले, पण तलाठीपण अंगात मुरलेलं. काउंटी म्हणजे तालुका, मेयर म्हणजे सरपंच! जवळच्या म्युझियममध्ये पाहुण्यांचं रजिस्टर भरून घ्यायचं काम त्यांनी हौसेनं पत्करलं होतं. मी शेजारी, त्यामुळे दर शनिवारी ड्रायव्हर मीच. फोनकार्ड खरवडून इंडियाला फोन करायचो, ते दिवस.

त्या वर्षी म्युझियममध्ये जर्सी वसाहतीच्या स्थापनेचा उत्सव ठरला. नवा फलक आला : इंग्लंडच्या राजाच्या भावानं ही जमीन आपल्या दोन दोस्तांना दिली, आणि जर्सी सुरू झाली.

काकांनी चष्मा वर केला. “इनाम दिलं, समजलं. पण त्याआधी सातबारा कुणाच्या नावावर होता?”

म्युझियम चालवणाऱ्या मार्गरेटबाई बिचाऱ्या म्हणाल्या, “सॅट-बॅरा?” झालं! काकांनी त्यांना तासभर बसवून जमिनीचा उतारा शिकवला. मग दर शनिवारी एक अर्ज. “रिस्पेक्टेड मॅडम, येथील आदिवासी लेनापी लोकांचे नाव मूळ धारक म्हणून लावावे, ही नम्र विनंती.” कमिटीचं उत्तर ठरलेलं, फलक छापून झालाय.

“काका, जाऊ द्या ना,” मी एकदा वैतागून म्हणालो. “कोण वाचतंय?”

ते असे भडकले! “कागदावर नाव नसलं की माणूस कधी नव्हताच असं होतं. मी हेच बघत आलोय.”

अर्ज अकरा झाले. उत्सवाच्या दिवशी काका वसाहतकाळातली तीनकोनी टोपी घालून रजिस्टरपाशी बसले होते, चेहरा पाडून. बँड थांबला आणि मार्गरेटबाईंनी माइकवरून हाक मारली, “आमचे टलाटी कुठे आहेत?” काकांच्याच हातून पडदा सरकवून घेतला. नवाकोरा फलक! सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत : मूळ धारक, लेनापी. खाली बाकीचे. टाळ्यांनी हॉल दणाणला. सरपंचांनी उठून हात मिळवला, आणि मी तर चक्क शिट्टी मारली.

समारंभाला आलेल्या एक लेनापी आजी रजिस्टरपाशी आल्या. काकांनी सवयीनं विचारलं, “ओरिजिनल व्हिलेज?”

“हेच,” त्या हसून म्हणाल्या. “आणि तुमचं?”

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, साऱ्या पार्सिपनीला गाव विचारणाऱ्या या माणसाला उलटून कुणीच कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. लाजच वाटली.

“वाघदरे,” ते हळूच म्हणाले. “अंडर वॉटर. धरणात गेलं.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “तलाठी मीच होतो रे. सगळ्या गावाची नावं कमी केल्याच्या नोंदी मी लिहिल्या. बापाच्या शेताचीसुद्धा.”

मी इंग्रजीत सांगितलं तसं आजींनी रजिस्टर उलटं फिरवून त्यांच्यापुढे सरकवलं आणि पेन हातात दिलं. काकांनी सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं : मु. पो. वाघदरे.

घरी येताना टोपी मांडीवर धरून ते खिडकीबाहेर बघत होते. आमची एक्झिट आली तेव्हा म्हणाले,

“नोंद झाली बरं का आज.”