खिडकी नंबर चारची रंगीत तालीम

नवरा म्हणून माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या आहेत, पण ही एक मी पूर्णपणे स्वतःच्या अकलेने केली. म्हणून जास्त लागली.

आमची मुलगी चार वर्षांची. दोन्ही हातांत बिस्किट धरून कुरतडते म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. तिला बालवर्गात घालायचं होतं. शाळा गल्लीच्या टोकाला, आणि शाळेच्या समोरच रक्त तपासायची लॅब. त्या लॅबमधून बायकोला चार वर्षांनी पुन्हा नोकरीचं पत्र आलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं, सकाळी आठला. खारू शाळेत गेली तर बायको नोकरीवर जाणार, नाहीतर पत्र कपाटात जाणार. बायकोने पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून दाराला टांगूनही ठेवला होता. येता-जाता त्याच्याकडे बघून हसायची. (माझ्याकडे बघून ती शेवटची कधी हसली ते आठवत नाही.)

"परीक्षा वगैरे काही नसते," ती म्हणाली. "बाई मुलांशी नुसत्या गप्पा मारतात. तुम्ही फक्त कागद लावा आणि त्या दिवशी रजा घ्या. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी ठरवलं, मुलीची रंगीत तालीम घ्यायची. मी बाई व्हायचं, खारूने खारू व्हायचं.

आता मी नोकरीला जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत, खिडकी नंबर चारवर. सतरा वर्षं टेबलाच्या एकाच बाजूला बसलोय. टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायची मला एकच पद्धत येते. जेवणाच्या टेबलामागे बसलो, चष्मा नाकावर ओढला आणि आपोआप तोंडातून निघालं, "पुढे!"

खारू पुढे आली.

"नाव?"

"खारू."

"पूर्ण नाव. वडिलांचं नाव?"

"बाबा."

"अपूर्ण. कागद कुठाय?"

"कुठला कागद?"

"मग कशाला आलात? उद्या या."

खारू खो खो हसत सुटली. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, तिला शाळेत घालायचंय! तुमच्या खिडकीवर नाही!"

"भीती मोडते अशाने," मी म्हणालो. अशा वेळी मला शास्त्रीय कारणं फार पटकन सुचतात.

दुसऱ्या दिवशी खारू म्हणाली, "आता मी तिकडे बसणार." तीन उश्या रचून ती टेबलामागे बसली आणि मी रांगेत. रांगेत माझ्यामागे कापडी अस्वल, त्यामागे एका डोळ्याची बाहुली. खारूने आम्हा तिघांनाही परत पाठवलं. अस्वलाची सही नव्हती. बाहुलीने तारीख भलतीकडे लिहिली होती. माझी पाळी आली तेव्हा तिची जेवायची वेळ झाली. मी तिला इतकं सगळं शिकवलंच नव्हतं हो! एकदा बायकोला बरं नव्हतं म्हणून खारूला दिवसभर कचेरीत घेऊन गेलो होतो, तेवढ्यावर पोरीने हे उचललं होतं. माझा ऊर भरून आला. काय हे निरीक्षण! आठ दिवस आमच्या घरात दुसरा खेळ नव्हता. बायको दोनदा म्हणाली, "पुरे आता." दोन्ही वेळा मी रांगेत होतो, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

प्रवेशाच्या दिवशी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो. हातात नंबराची चिठ्ठी, आठ. फाइल अशी लावली होती की बाईंनी फ्रेम करून भिंतीवर टांगावी. सहा नंबरवाले बाहेर आले आणि शाळेच्या मावशी म्हणाल्या, "आता एकच जागा उरलीये. सात नंबर, तयार राहा. बाईंचा चहा झाला की बोलावते." आणि त्या कपबशी घेऊन आत गेल्या.

सात नंबर म्हणजे एक आजोबा. धुवट सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि शेजारी पाय हलवत बसलेली नात. बायकोचा चेहरा उतरला. मी तिला धीर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात मावशींच्या रिकाम्या टेबलामागून आवाज आला, "पुढे!"

खारू मावशींच्या खुर्चीवर चढून बसली होती.

आजोबा उठले आणि खरोखरच टेबलासमोर जाऊन उभे राहिले. वाकून.

"नाव?" खारूने मान वर न करता विचारलं. आजोबांनी नातीचं नाव सांगितलं.

"कागद?"

आजोबांनी पिशवी उघडली, दोन कागद काढले, पुन्हा आत ठेवले.

"कागद अपुरे. उद्या या."

मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. डोळे पुसले तर आजोबा नातीचं बोट धरून फाटकाबाहेर पडत होते.

"अहो, ते खरंच चालले!" बायको म्हणाली. "आज शेवटचा दिवस आहे. पळा, आणा त्यांना!"

आता जे सांगतोय त्याची मला लाज वाटते. पण खरं तेच सांगतो. माझ्या मनात आलं, एकच जागा आहे आणि पुढचा नंबर आपला. मी म्हणालो, "त्यांचे ते गेले, आपण काय..."

"पळा म्हणते ना!"

पळालो. फाइलीसकट. आजोबा कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर भेटले.

"आजोबा, परत चला. ती माझी मुलगी आहे हो. चार वर्षांची. खेळत होती!"

"लहान आहे ते दिसलं मला," आजोबा म्हणाले. "पण बोलली ते खोटं नाही. नातीचा जन्मदाखला नाहीच माझ्याकडे. एवढ्याशा पोरीला कळलं, तर आत बाईंना कळल्याशिवाय राहील? उगाच नातीसमोर शोभा कशाला करून घ्यायची?"

"दाखला काढला नाही?"

"तीन खेपा घातल्या. चार नंबरच्या खिडकीवर एक साहेब आहेत. अगदी तुमच्या मुलीसारखंच बोलतात. मान वर करतच नाहीत, त्यामुळे तोंड नाही पाहिलं कधी. पण टक्कल कुठेही ओळखेन."

ऊन नव्हतं, तरी मी फाइल डोक्यावर धरली.

"तुम्ही वाद नाही घातलात?"

"वाद घातला की पुढचा आठवडा जातो, साहेब. परत जाणं सोपं पडतं."

मला फार वाईट वाटलं. सतरा वर्षांत किती जण असे पिशवी बंद करून परत गेले असतील, मोजायची हिंमत झाली नाही. नातीला कडेवर घेतलं आणि आजोबांना जवळजवळ ओढतच आणलं. व्हरांड्यात बायको बाईंच्या दाराला पाठ लावून उभी होती. "सात नंबर येतायत," ती आत सांगत होती, "दोन मिनिटं थांबा. आम्ही त्यांच्या नंतरचे."

आजोबा आत गेले. बाईंनी दाखला आणायला आठ दिवसांची मुदत दिली आणि शेवटची जागा त्यांच्या नातीला मिळाली. बाहेर येऊन आजोबांनी हात जोडून बायकोचे आभार मानले, आणि चार नंबरची सगळी कथा तिला पहिल्यापासून ऐकवली. टकलासकट. बायकोने एकदा माझ्या डोक्यावरच्या फाइलीकडे पाहिलं.

खारूचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं लागलं. घरी आल्यावर बायकोने लॅबला फोन केला. महिनाभर थांबू, पुढे दुसरं माणूस बघावं लागेल, असं ते म्हणाले. तिने दारावरचा कोट काढला, घडी घातली, पत्रासोबत कपाटात ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तसं म्हणूनही पाहिलं, पण तिने नुसतं कपाट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या गेल्या आजोबांचा अर्ज शोधला. गठ्ठ्याच्या तळाशी होता. वर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने शेरा, 'तारीख उजवीकडे हवी, डावीकडे आहे'. दाखला तयार करायला मला चार मिनिटं लागली.

दोन दिवसांनी आजोबा खिडकीवर आले. मी डोक्यावरची नवी टोपी सावरली, मान वर केली, हसलो आणि दाखला पुढे केला.

"अरे, तुम्ही!" आजोबांचा चेहरा खुलला. "तुमची नेमणूक इथे झाली? फार बरं झालं. तो आधीचा गेला का?"

"गेला," मी म्हणालो.

"देव पावला. त्याच्यापायी नातीची शाळा बुडत होती." त्यांनी दाखला जपून पिशवीत ठेवला, जायला वळले आणि पुन्हा थांबले. "असल्या माणसाचे घरचे त्याच्याशी बोलत तरी कसे असतील हो?"

"नाही बोलत," मी म्हणालो. "आज तिसरा दिवस."