गाड्यांतली वीज

लाँड्रीच्या आवारात विजेवर चालणाऱ्या चार गाड्या आल्या आणि दोघा भावांत धुसफूस सुरू झाली. थोरला इस्त्री बघायचा, धाकटा कपडे पोचवायचं काम. मीटर मात्र एकच. गाड्या चार्जिंगला लागल्या की चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलर कोमट पडायचा आणि रोलर तापला की गाड्या उपाशी राहायच्या.

"या गाड्या नाहीत, घरजावई आहेत!" थोरला म्हणायचा. "बसून नुसतं खातात."

"दादा, तू अजून कोळशाच्या इस्त्रीतच आहेस."

आईला ती इस्त्री चांगली आठवत होती. धुतलेले कपडे तेव्हा सायकलला बांधून जायचे. भांडायला वीजच नव्हती, असं ती म्हणायची.

अशात एका नव्या हॉटेलने चाचणी म्हणून चादरींचा ढीग पाठवला. संध्याकाळच्या आत नीट पोचल्या तर वर्षभराचं काम. नाहीतर इस्त्रीवाल्या दोघी बायकांना घरी बसवावं लागणार होतं.

त्या दिवशी ऊन असं पेटलं की गावभर एसी लागले. दुपारी वीज कंपनीचा निरोप आला: भार फार झालाय, संध्याकाळपर्यंत मोठी यंत्रं बंद ठेवा. अर्धी चादर पोटात धरून रोलर थांबला.

थोरल्याने कपाळाला हात लावला. धाकटा मात्र खुलला.

"गाड्या सकाळीच भरल्यात. त्यांच्यातली वीज परत काढता येते. भिंतीवरचा तो चार्जिंगचा डबा त्यासाठीच आहे."

"मग इतके दिवस बोलला नाहीस?"

"तू शिव्यांतून मोकळा कधी होतास?"

"बरं, बरं. पोचवायला एक गाडी ठेव म्हणजे झालं."

"एक कशाला? दोन उरतील!"

रोलर पुन्हा फिरू लागला. चादरी कोऱ्या कागदासारख्या निघाल्या. थोरल्याने जाता-येता एका गाडीच्या पाठीवर थापही मारली. शेवटची घडी झाली, गठ्ठे चढवले आणि धाकटा ऐटीत गाडीत बसला. गाडीने एकदा डोळे उघडले आणि मिटले. दुसरीनेही तेच केलं. उरलेल्या दोघीही त्यांच्याच बहिणी निघाल्या.

"दोन उरणार होत्या ना रे?"

धाकट्याला आता आठवलं. आधी कोणाची गाडी भरायची यावरून ड्रायव्हर भांडायचे, म्हणून त्यानेच डब्याला सगळ्यांना सारखं वागवायला सांगून ठेवलं होतं. डब्याने देताना सारखं दिलं, तसं घेतानाही सारखंच घेतलं.

"चारींत थोडी थोडी आहे," तो पुटपुटला.

"थोडी म्हणजे?"

"फाटकापर्यंत."

"सगळ्यांना सारखं म्हणजे कुणालाच पुरेसं नाही," आई म्हणाली, "हे मी तुम्हा दोघांना दूध देताना शिकले."

ऊन उतरलं तरी चादरी आवारातच. शेवटी हॉटेलच्या बाई स्वतःच डिझेलचा टेम्पो घेऊन तणतणत आल्या. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा हात वरच्या चादरीवर पडला. त्या थबकल्या.

"आज सगळीकडच्या इस्त्र्या बंद आहेत. तुम्ही हे केलंत कसं?"

बाईंनी दुसरी चादर चाचपली, मग तिसरी.

"वर्षाचं काम तुमचं. पण पोचवणं तुमच्याच्याने व्हायचं नाही. रोज आमचा टेम्पो येईल."

धाकट्याचा चेहरा पडला. जाता जाता बाईंची नजर आवाराकडे गेली.

"आणि या चार गाड्या काय शोभेला ठेवल्यात?"

धाकटा बोलणार, तोच थोरला छाती काढून पुढे झाला.

"त्यांना नावं ठेवू नका, बाई. त्या इस्त्रीला लागतात!"