द्वारकाकाकूंची राखीव जागा

एका जंगलात तीन खाड्या होत्या. जंगल म्हणजे वाघ-सिंहांचं नव्हे, बाळांनो. हे खारफुटीचं जंगल. त्याचे पाय बारा महिने खारट चिखलात असतात. एका खाडीला वरची म्हणत, दुसरीला मधली आणि तिसरीला खालची. समुद्राचा प्रवाह वरून खाली वाहायचा. तो उलटा वाहिल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा, कारण गोष्टीतल्या कोणीच ते ठेवलं नाही.

मधल्या खाडीच्या तोंडाशी एक मोठा काळा खडक होता. त्यावर कालवं राहत. कालव माहीत आहे ना? दोन शिंपल्यांच्या मध्ये एक मऊ जीव. तो लहानपणी पाण्यात वाहत असतो, पण एकदा खडकाला चिकटला की जन्मभर हलत नाही. त्यामुळे लवकरच त्याला वाटू लागतं, की हा खडक आपल्याच पूर्वजांनी घडवला.

या कालवांचे पुढारी होते नानासाहेब खडपे. भरती आली की कालवं शिंपले उघडत आणि सभा भरे. ओहोटी लागली की कालवांना तोंड मिटावंच लागतं, नाहीतर अंग सुकतं. आणि मधल्या खाडीची जुनी पद्धत अशी होती, की ठराव ज्याला मान्य असेल त्याने तोंड मिटायचं. नानासाहेब भाषण भरतीला सुरू करत. ठराव मात्र पाणी उतरता उतरता मांडत. म्हणून तिथे आजवर एकही ठराव पडला नव्हता. सगळे एकमताने.

खडकाच्या अगदी तळाशी द्वारकाकाकू राहत. तिथलं पाणी सगळ्यांत शेवटी उतरायचं. काकूंच्या शेजारी बोटभर जागा मोकळी होती. ती त्यांनी आपल्या पोरासाठी राखून ठेवली होती.

दरवर्षी काकू लाखभर पिल्लं पाण्यात सोडत. धुळीच्या कणाएवढी असत, पण आईला दिसत. प्रवाह त्यांना खाडीबाहेर घेऊन जाई. काकू मागून ओरडत, "लवकर परत या रे!"

वीसेक दिवसांनी पिल्लं येतही. पण ती काकूंची नसत.

"मावशी, जरा टेकू का?" एकदा एका पिल्लानं विचारलं. "वीस दिवस वाहतेय. आता अंगात त्राण नाही."

"कुठून आलीस?"

"वरच्या खाडीतून."

"मग तिकडेच जा. ही माझ्या पोराची जागा आहे."

"कुठे आहे तो?"

"येतोय."

"पण मावशी, मी वर कशी जाऊ? पाणी तर खाली वाहतंय."

काकूंनी फटकन शिंपला मिटला. पिल्लू कसंबसं पलीकडे गेलं आणि नानासाहेबांच्या पाठीला चिकटलं. सहा महिन्यांत ते मोठं झालं आणि भर सभेत विचारू लागलं, "हे वरून येणारे लोंढे कोणी थांबवणार आहे की नाही?"

सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. इतक्या लहान वयात खाडीचं इतकं प्रेम!

आता त्या जंगलात उदाजीराव नावाचं एक पाणमांजर होतं. त्याची खानावळ होती. पूर्वी चार गिऱ्हाइकं यायची. मग तिथल्या कालवांच्या चवीची ख्याती सगळीकडे झाली आणि बाहेर रांग लागू लागली. एका भरतीला उदाजीराव मिशा पुसत खडकाशी आले.

"नानासाहेब, तुमचं मत घ्यायला आलोय. तिन्ही खडकांवरून थोडी थोडी कालवं काढू? सगळ्यांनाच जरा तोशीस पडेल, पण खडक भरलेले राहतील. की एकच खडक पुरता खरवडू आणि बाकी दोन्हींना हात लावू नको?"

"वरचा खरवडा," नानासाहेब म्हणाले. "तिथले लोक आमचे कोण लागतात?"

तेवढ्यात चिखलावरून तुरुतुरु धावत तुतवारबाई आल्या. तुतवार म्हणजे लांब चोचीचा, ओल्या चिखलात टोचत फिरणारा पक्षी. या बाईंनी दोन वर्षं तिन्ही खाड्या पालथ्या घातल्या होत्या. प्रत्येक कालवाच्या अंगातला एकेक थेंब घेऊन त्यांनी त्यातली जनुकं वाचली होती. जनुकं म्हणजे आईबापांनी पिल्लाच्या अंगात लिहून ठेवलेली चिठ्ठी. ती हरवत नाही, फाडता येत नाही, आणि तिच्यावर पुढाऱ्याची सही लागत नाही.

"वरच्या खडकाला हात लावू देऊ नका!" बाई धापा टाकत म्हणाल्या. "या खडकावरची शंभरातली सत्त्याण्णव कालवं वरच्या खाडीत जन्मलेली आहेत. लहानपणी वाहत आली आणि इथे चिकटली. वरचा खडक संपला तर इथे येणार कोण?"

"म्हणजे आम्ही उपरे?" कोणीतरी किंचाळलं.

"नानासाहेबसुद्धा. त्यांची नऊ सख्खी भावंडं अजून वरच्या खडकावर आहेत."

"माझे आजोबा याच खडकावर जन्मले!" नानासाहेब गरजले.

"पाहिलंत त्यांना?"

"पाहायची गरज काय? अभिमान आहे ना!"

सभेनं शिंपले वाजवले. मग एक जाडजूड कालव पुढे येऊन बोललं, म्हणजे होतं तिथूनच बोललं. "बाई, तुम्ही स्वतः कुठल्या?"

"थंडीत इथली. उन्हाळ्यात बर्फाच्या देशातली."

"म्हणजे परदेशी!"

सगळ्यांना हायसं वाटलं. बाईंच्या दोन वर्षांच्या कामाला उत्तर सापडलं होतं.

पण द्वारकाकाकूंचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. गलका जरा ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बाई, माझी पोरं कुठं दिसली का हो तुम्हाला?"

"दिसली की! खालच्या खाडीत आहेत, काकू. त्यांच्या अंगातली निम्मी चिठ्ठी तुमच्याच अक्षरात आहे."

"जिवंत आहेत?" काकूंचा आवाज चिरका झाला.

"चांगली धट्टीकट्टी आहेत. खडकावर जम बसलाय त्यांचा."

"मग परत कधी येणार?"

"काकू, ती परत येणार नाहीत. कालव परत येत नसतं. तुमची पोरं खाली जातात, वरची तुमच्याकडे येतात. शेजारी जे येऊन बसेल तेच आपलं म्हणायचं. म्हणून तर सांगतेय, वरचा खडक वाचवा."

काकू विचार करू लागल्या. हे नीट पाहून घ्या, बाळांनो, कारण विचार करणारं कालव पुन्हा पाहायला मिळेलच असं नाही.

काकूंना वाटलं, पोरं खालच्या खाडीत म्हणजे जवळच आहेत. वरचे लोंढे थांबले तर इथे जागाच जागा होईल. मग ती कशाला परक्या खडकावर राहतील? येतीलच. प्रवाहाचं काय, त्याला आजवर कोणी नीट समजावलं नसेल.

पाणी उतरू लागलं. नानासाहेबांनी घाईनं ठराव मांडला. वरचा खडक उदाजीरावांनी पूर्ण खरवडावा. मान्य असेल त्याने तोंड मिटावं.

वरच्या ओळीतली तोंडं मिटली. मधल्या ओळीतली मिटली. त्यांचा इलाज नव्हता, पाणीच राहिलं नव्हतं. आणि इलाज असता तरी त्यांनी ती मिटलीच असती.

तळाशी मात्र अजून पाणी होतं.

"काकू, उघडं ठेवा!" तुतवारबाई ओरडल्या. "एकीनं जरी नाही म्हटलं तरी एकमत मोडेल. ठराव पुढच्या भरतीवर जाईल. काकू, ऐका माझं!"

काकूंना अजून घटकाभर बोलता आलं असतं. त्यांनी पाण्यात असतानाच तोंड मिटलं.

आठ दिवसांत वरचा खडक गुळगुळीत झाला. नानासाहेबांची नऊ भावंडं एकाच ताटात वाढली गेली, असं म्हणतात. मधल्या खाडीनं त्या दिवशी आनंद साजरा केला.

पुढच्या हंगामात काकूंनी नेहमीप्रमाणे पिल्लं सोडली. ती नेहमीप्रमाणे खाली गेली. काकू वीस दिवस वाट पाहत राहिल्या. एकविसाव्या दिवशी कोणीच आलं नाही. त्यांचंही नाही आणि दुसऱ्या कोणाचंही नाही.

नानासाहेबांनी सभा घेतली. "यंदा आपल्या खडकावर एकही उपरा आलेला नाही. मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली आहे!" अभिनंदनाचा ठराव ओहोटीला मंजूर झाला.

दुसऱ्या वर्षीही कोणी आलं नाही. म्हातारी कालवं एकेक करून गेली. लाट आली की रिकाम्या शिंपल्या खडखड वाजत. नानासाहेबांना त्या टाळ्या वाटत. खडकावर इतकी मोकळी जागा झाली, की त्यातली आपण राखलेली कोणती हे द्वारकाकाकूंना ओळखू येईना.

तिसऱ्या वर्षी उदाजीराव टोपल्या घेऊन आले.

"रस्ता चुकलात," नानासाहेब म्हणाले. "वरची खाडी तिकडे."

"तिथे आता काय उरलंय? ही तुमच्यासाठी आणलीय टोपली."

"अहो, पण आपलं ठरलं होतं! आम्ही इथले मूळचे! अस्सल!"

"नानासाहेब, माझ्या खानावळीत कोणी मूळ गाव विचारत नाही. लिंबू आहे का, एवढंच विचारतात."

असं म्हणून उदाजीरावांनी त्यांना खडकावरून उचकटलं. जन्मभरात नानासाहेब पहिल्यांदाच जागचे हलले.

वरून खाली येत येत उदाजीराव तळाशी पोचले. द्वारकाकाकू शेवटच्या होत्या.

"उदाजीराव," काकू म्हणाल्या, "मागच्या खेपेला आम्हाला विचारून केलंत. या खेपेला मनानंच आलात होय?"

"छे हो काकू! मी विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाही. खालच्या खाडीला विचारलं. म्हटलं, दोन्हीकडून थोडी थोडी काढू की एकच खडक खरवडू? ते म्हणाले, मधला खरवडून टाका, तिथून नुसती घाण वाहत येते."

"कोण म्हणालं असं?"

"सगळीच. तरणी मंडळी आहेत. आवाज काय खणखणीत!"

पाणी काकूंच्या कडेपर्यंत उतरलं होतं.

"एकमतानं?" त्यांनी विचारलं.

"एकमतानं."

काकूंचे शिंपले अभिमानानं थरथरले.

"माझ्यावर गेलीत हो पोरं," त्या म्हणाल्या, आणि टोपलीत पडल्या.

तात्पर्य: आपल्या शेजारची जागा परक्याला कधीही देऊ नये. दिली तर तो तिथे राहतो, वाढतो, आणि खडक भरलेला राहतो. त्यापेक्षा जागा नीट राखावी. रिकामा खडक हाच सगळ्यांत शुद्ध खडक असतो, आणि त्याच्यावर सगळ्यांचं कायम एकमत असतं.