बाहुल्यांची दुप्पट

सत्यनारायणरावांची खोली अर्धी भरली होती आणि त्यांच्या बायकोला, तुंगाबाईंना, त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. दसऱ्याला बाहुल्या मांडायच्या, दर वर्षी काही नव्या आणायच्या आणि मग सगळ्या पेट्यांत बांधून ठेवायच्या, ही म्हैसूरची रीत. पेट्या ठेवायच्या त्या मात्र नवऱ्याच्या खोलीत, ही तुंगाबाईंची.

"अहो री, अर्धी खोली रिकामी आहे की अजून!"

"अगं, दर वर्षी दहा टक्के वाढतात. दुप्पट व्हायची वर्षं काढायला सत्तरला टक्क्यांनी भागायचं, म्हणजे सत्तर भागिले दहा. सात वर्षांत दुप्पट! मग खोली बाहुल्यांची आणि मी व्हरांड्यात!"

"अय्यो, सात वर्षं म्हणजे लई झाली!"

जन्मभर गणित शिकवलेल्या सत्यनारायणरावांना सात वर्षं अगदी उद्यासारखी दिसत होती. निवृत्तीनंतर दुपारची झोप हे त्यांचं एकुलतं एक सुख होतं आणि तेच आता धोक्यात होतं. तुंगाबाई देवळात गेल्या तशी त्यांनी एक पेटी उघडली आणि ते एकेका ताटात एकेक बाहुली ठेवून शेजारीपाजारी वाटून आले.

पण आलेलं ताट रिकामं परत पाठवू नये, हे गल्लीला सांगावं लागत नव्हतं. संध्याकाळी ताटं परत आली, प्रत्येकात दोन-दोन बाहुल्या घेऊन.

"सर, तुम्हाला एवढी हौस आहे, गोत्तेच नव्हतं, ठाऊकच नव्हतं बघा!" शेजारच्या वरलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आता दर वर्षी देणार आम्ही."

घरच्या दहा टक्क्यांत शेजाऱ्यांचे दहा मिळाले; वाढीचा वेग दुप्पट झाला, म्हणजे मुदत निम्मी. साडेतीन वर्षं! सत्यनारायणराव कपाळाला हात लावून बसले.

दुसऱ्या दिवशी हुणसूरहून लेक आली, अनुषा. "अप्पा, यंदा आमच्या घरी पहिला गोंबे हब्बा, बाहुल्यांचा सण. अम्मानं अर्ध्या बाहुल्या मला दिल्या."

सत्यनारायणरावांचा जीव भांड्यात पडला. अर्ध्या गेल्या म्हणजे खोली भरायला आता दोनदा दुप्पट व्हायला हवं, साडेतीन वर्षांची सात झाली! शेजाऱ्यांच्या बाहुल्या तर त्यांनी स्वतःच्या हातांनी गाडीत चढवल्या, वर "दर वर्षीच्या पण तुझ्याच" असं वचनही देऊन टाकलं, म्हणजे वेग पुन्हा निम्मा आणि सातांची चौदा! मग खोलीत ऐसपैस पाय पसरून ते आडवे झाले. इतकं मोकळं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

डोळा लागतोय तोच जावई विश्वेशचा फोन आला. आवाज अगदी दबका होता.

"मामा, तुम्ही गणितातले म्हणून विचारतो. ह्या बाहुल्या दर वर्षी वाढतात म्हणे. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात हो?"

सत्यनारायणरावांनी रिकाम्या भिंतीकडे डोळे भरून पाहिलं.

"जावईबापू, सणासुदीला कसली गणितं करता? देवावर भरवसा ठेवा," ते म्हणाले आणि कूस बदलून गाढ झोपी गेले.