लिलीचं सुतक

फुलाला वास नसला तरी चालतं, पण कुळ हवं. भोपाळमधल्या पिपलानीच्या मराठी स्नेहवर्धक मंडळाची घटना याच पायावर उभी आहे (पानं तीन, दुरुस्त्या एकेचाळीस). त्यामुळे गणपतीला पहिलं फूल कोणाचं, हा प्रश्न मंडळाने कधी नशिबावर सोडला नाही. अकरा वर्षं तो मान नारायणराव बिडवईंच्या गुलाबी पावसाळी लिलीचा होता. यंदा मंडळातल्याच सुशीलाबाईंनी आपला निशिगंध पुढे केला, आणि नारायणरावांची झोपच उडाली.

नारायणराव कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं प्रमाणपत्राशिवाय त्यांनी एक नट जागचा हलू दिला नाही (घरी कुकरच्या शिट्ट्याही ते मोजून मंजूर करतात). त्यांची पुतणी केतकी कंदाच्या फुलझाडांची डीएनएवरून नाती शोधते. त्यांनी तिलाच गाठलं.

“बेटा, आमच्या लिलीची वंशावळ काढून दे. पक्की. शिक्क्यासकट.”

“काका, निकाल काय येईल ते माझ्या हातात नसतं हं.”

“अगं, खानदानी चीज आहे! निघून निघून काय निघणार?”

केतकीने पान नेलं, दोनशे चौदा झाडांशी ताडून पाहिलं आणि बंद पाकिटात अहवाल दिला. नारायणरावांनी तो आधी वाचला नाही. सीलबंद पाकीट साक्षीदारांसमोरच फोडायचं, हा तपासणी विभागाचा नियम. त्यांनी ते भर सभेत फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं: ही लिली मुळात लिलीच नाही. ती कांद्याची चुलतबहीण आहे. लसूणही घरातलाच.

“अरे बाप रे, प्याज!” मागून कोणीतरी ओरडलं.

दिवस चातुर्मासाचे. मंडळातले निम्मे लोक या काळात कांदा खात नाहीत (उरलेले बाहेर खातात). सचिव केशवराव चष्मा पुसून उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे मांडणी केली. भाऊबंदांत कोणी गेलं की दहा दिवस सुतक. कांदा चिरणं म्हणजे कांदा जाणंच. भोपाळमध्ये मिनिटाला नऊशे कांदे चिरले जातात (पोह्यांच्या वेळेचा आकडा नाही, मोजणाऱ्याच्या डोळ्यांना धारा लागल्या). सबब, लिली कायमची सुतकात. सुतकातलं फूल देवाला चालत नाही.

नारायणरावांना भर सभेत रडू कोसळलं. ते लिलीच्या वतीने रडत आहेत असं समजून इतिवृत्तात तशी नोंद झाली.

केतकी ताडकन उठली. “अहो, कांदा आणि लिली वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झाली! एवढं मागे जायचंय? मग आणखी मागे चला, आपण सगळेच कांद्याचे नातेवाईक. मग पूजेला बसणार कोण? त्यापेक्षा सरळ ठरवा, कुळ बघायचंच नाही. लिली आत्ता मोकळी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नारायणराव तर खुर्चीवरून उडालेच. लगेच ठराव लिहिला गेला: मंडळ यापुढे कोणाचंही कुळ पाहणार नाही.

केशवरावांनी तो वाचून दाखवला आणि सहज म्हणाले, “म्हणजे वधू-वर नोंदवहीतला पोटजातीचा रकानाही खोडावा लागेल. घटना एकच आहे ना.”

टाळ्या थांबल्या. नारायणरावांचा हात खांद्यापर्यंत वर गेला होता. मग त्यांना आपला मुलगा मंदार आठवला, त्याला सांगून येणारी स्थळं आठवली, आणि त्याच हाताने त्यांनी कान खाजवला. ठरावाच्या बाजूने एक मत पडलं, केतकीचं. पहिला मान निशिगंधाला गेला. विज्ञानाने केलेल्या प्रगतीबद्दल सभेने समाधान व्यक्त केलं आणि विज्ञान फक्त वनस्पतींना लागू राहील असं एकमताने ठरवलं (केतकी तोवर निघून गेली होती).

उपस्थितांच्या यादीत शेवटचं नाव आपलं आहे, वाचकहो. केतकी बोलली तेव्हा आपणही जोरात टाळ्या वाजवल्यात, तशी नोंद आहे. मतदानाच्या वेळी आपला हात कुठे होता, ते मात्र इतिवृत्तात नाही. तेवढं कळवावं; आणि वधू-वर नोंदवहीत पोटजातीच्या रकान्यात आपल्या अक्षरात ‘आमच्यातलीच हवी’ लिहिलंय, ते तसंच ठेवायचं ना?